भैरहव्याची दशमी

माझ्या वडिलांना कुठेही न्या, आधी ते पाटी वाचतात. लंडनच्या हॅरोत अर्धा जन्म गेला, तरी मेट्रोपॉलिटन लाइनच्या प्लॅटफॉर्मवर नवी नोटीस दिसली की गाडी सुटली तरी चालेल, नोटीस पुरी वाचून व्हायला हवी. एरवी या सवयीने माझं डोकं फिरतं. पण नेपाळच्या त्या सहलीचा सगळा बेत मी याच सवयीच्या भरवशावर आखला होता.

झालं होतं असं, की माझ्या मुलीला मेडनहेडचा एक नेपाळी मुलगा आवडला होता. मगर नावाच्या तिथल्या आदिवासी समाजाचा. वडील ब्रिटिश सैन्यातून निवृत्त झालेले, आणि मूळ घर भैरहव्याला. भारताच्या सीमेला चिकटलेलं शहर, लुंबिनीपासून गाडीने जेमतेम अर्धा तास. मुलगा मला पहिल्या दिवसापासून पसंत होता. जेवण झालं की न सांगता भांडी घासायला उभा राहतो, मुलीकडून मराठीही शिकलाय, आणखी काय हवं? बाबांनाही तो आवडायचा. पण लग्नाचा विषय निघाला की ते चष्मा पुसायला घ्यायचे.

"पोरगा सोन्यासारखा आहे," ते म्हणाले. "पण त्यांच्या घरात दसऱ्याला देवीचं करतात, कपाळं लाल करतात. आपण ते सोडलं ते काय पुन्हा मागच्या दाराने आणायला? मी त्यांचं घर बघेन, मग बोलेन."

बाबांनी लहानपणी आईवडिलांबरोबर धम्माची दीक्षा घेतली. तेव्हापासून त्यांच्या कपाळाला गंधाचं बोट लागलेलं नाही. कुणी लावायला आलंच तर ते हसून मागे सरकतात, पण सरकतात. आणि माझी मुलगी वाढली ती त्यांच्याच अंगाखांद्यावर, कारण मी दिवसभर कौन्सिलच्या ऑफिसात. तिने मला स्पष्ट सांगितलं, "आजोबा यस म्हणाले नाही तर मी लग्न करणार नाही. आणि मला त्यांना फोर्स पण नाही करायचं."

तिकडे मुलाच्या घरची पद्धत वेगळीच. त्यांचा मोठा सण म्हणजे दशैं, आपल्या नवरात्र-दसऱ्याच्याच दिवसांत येणारा. दशमीला घरातली सगळ्यांत वडीलधारी व्यक्ती लहानांच्या कपाळाला टिळा लावते. मुलाच्या आजीने, म्हणजे त्यांच्या बज्यैंनी, निरोप धाडला होता: मुलीला दशमीला माझ्यासमोर बसवा, मी टिळा लावला की ती आमची झाली.

आता बाबांना त्याच दिवशी बुद्धाच्या भूमीत असायचं होतं. आमच्यासाठी तो दिवस अशोक विजयादशमीचा, दीक्षेचा. दोन्ही घरांचे सण एकाच दिवशी आणि एकाच मुलखात. मी ठरवलं, दशमीला सकाळी बाबांना गाडी करून तिलौराकोटला पाठवायचं. तिथे शुद्धोदनाच्या राजधानीचे अवशेष आहेत, आणि अवशेषांपेक्षा जास्त पाट्या. दुपारपर्यंत निश्चिंती. तेवढ्यात मुलीला टिळा लावून घ्यायचा, कपाळ धुवायचं, आणि दुसऱ्या दिवशी बाबांना आरामात घर दाखवायचं.

"मम्मी, धिस इज चीटिंग," मुलगी म्हणाली.

"चीटिंग नाही, टाइम मॅनेजमेंट," मी म्हटलं.

गोरखपूरहून टॅक्सीने सोनौलीला आलो आणि चालत सीमा ओलांडली. ट्रकांची ही रांग, सायकलरिक्षा, डोक्यावर गाठोडी घेतलेली माणसं, आणि या सगळ्याच्या मधोमध, अगदी कमानीखाली, बाबा पाटी वाचत उभे. मागून हॉर्नचा गदारोळ. पलीकडे गेल्यावर, आम्हाला घ्यायला आलेल्या मुलाने सांगितलं की घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा. बाबा म्हणाले, "एवढ्याशासाठी कशाला वेगळी चूल मांडली?" पण घड्याळ लावलं मात्र लगेच.

भैरहवा म्हणजे काही देखणं शहर नव्हे. धूळ, तारांची जाळी, रस्ताभर दुकानं. पण सणाने त्याला असं काही चढलं होतं की मी पहिल्या तासातच त्याच्या प्रेमात पडले. कपड्यांच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नाही. स्कूटरवर दोघांच्या मध्ये बोकड बसलेला, तोही मोठ्या ऐटीत. गच्च्यांवर पतंग. एका मैदानात उंच बांबू बांधून झोका टांगला होता. दशैंत एकदा तरी पाय जमिनीवरून सुटले पाहिजेत, असं तिथे मानतात म्हणे. मुलगी दोन झोके घेऊन उतरली, तर तिथल्या बायकांनी बाबांनाच पुढे केलं. मला वाटलं, नाही म्हणतील. हा माणूस चष्मा माझ्या हातात देऊन झोक्यावर बसला आणि वर जाताना मोठ्याने ओरडला. बाबांना इतकं मोकळं ओरडताना मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

नवमीला लुंबिनी पाहिली. मायादेवीच्या मंदिरात विटांच्या पायाभोवतीच्या लाकडी वाटेवरून माणसं मुकाट्याने पुढे सरकत होती. जन्मस्थळाच्या दगडापाशी बाबा थांबले, पण तिथे त्यांनी पाटी वाचली नाही. नुसते हात जोडले. बाहेर अशोकाच्या स्तंभासमोर गवतावर बसून ते रडले, आणि मीही रडले. आईची आठवण आली. तिला यायचं होतं. परतताना भाताच्या शेतात सारसांची जोडी दिसली, माणसाएवढी उंच. बाबा म्हणाले, "बघ, यांना कुणाची परवानगी लागत नाही." माझी मुलगी खिडकीबाहेर बघत राहिली.

दशमी उजाडली. मी ड्रायव्हरला फोन लावला. तो आधी हसला, मग प्रेमाने म्हणाला, "दिदी, आज दशैं हो." आज गाडी कोण चालवणार? तो आईकडून टिळा घ्यायला गावी पोचला होता. हॉटेलच्या मॅनेजरला म्हटलं, दुसरा बघा. तोच मुळी पिशवी घेऊन निघाला होता. रस्त्यावर आले तर शटर खाली, रिक्षा नाही, कुत्रंसुद्धा नाही. लंडनमध्ये बसून मी ज्या सणाभोवती बेत आखला, त्या सणाला सगळं गाव घरी जातं, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. दसऱ्याला आपल्याकडे तरी कोण मिळतं?

तेवढ्यात मुलगा काकाची जीप घेऊन आला. बाबा जिन्यावरून उतरले. दीक्षेचा दिवस म्हणून पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरे ट्रेनर्स, आणि उन्हासाठी क्रिकेटवाल्यांसारखी पांढरी टोपी.

"तिलौराकोट राहू दे," ते म्हणाले. "चला, यांचं घरच बघू."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलंच नाही.

घराच्या अंगणात गाणी लागली होती, पोरं धावत होती. आम्ही फाटकातून आत शिरलो आणि सगळं एकदम थांबलं. कुणीतरी गाणं बंद केलं. बायका कुजबुजल्या. नव्वदीला टेकलेल्या बज्यै ओसरीवरून उतरून आल्या आणि त्यांनी बाबांचे दोन्ही हात हातात घेतले. त्यांचे डोळे भरले होते. बाबांना वाटलं, किती प्रेमळ स्वागत! त्यांनी बज्यैंच्या हातावर थोपटलं आणि मोठ्याने "जय भीम" म्हणाले.

मुलगा माझ्या कानाशी आला. "आंटी, बज्यै विचारतायत, कोण वारलं?"

नेपाळमध्ये नखशिखान्त पांढरं घालतात ते सुतकातली माणसं, आईवडील गेल्यावर वर्षभर. आणि सुतक असलेल्या माणसाला दशैंचा टिळा लावत नाहीत.

खरं सांगते, क्षणभर मला वाटलं, वा! आयतीच सुटका झाली. बाबांच्या कपाळाकडे आता कुणी फिरकणार नाही. एक खोटी मावशी मारायची, की झालं. पण लगेच लक्षात आलं, आजोबांना सुतक म्हणजे नातीलाही सुतक. टिळ्याचं ताट माझ्या मुलीपर्यंतही येणार नव्हतं. ती तिथे नव्या कपड्यांत उभी होती, आणि तिचा चेहरा बघवत नव्हता.

"कुणी वारलं नाही," मी म्हटलं. "आज आमचाही सण आहे. आम्ही सणाला पांढरं घालतो."

मुलाने ते सांगितलं. बज्यैंनी बाबांना टोपीपासून ट्रेनर्सपर्यंत न्याहाळलं आणि अशा काही हसल्या की पदर तोंडाला लावावा लागला. अंगण हसलं. गाणं पुन्हा लागलं. आणि बज्यैंनी हाक मारून टिळ्याचं ताट मागवलं.

ताट आलं. त्यात कुंकू नव्हतं. लाल काहीच नव्हतं. दह्यात कालवलेले तांदूळ, पांढरेशुभ्र.

बाबांनी चष्मा नीट केला. "हे पांढरं कसं?"

"आमचा टिळा पांढराच असतो, आजोबा," मुलगा म्हणाला. त्याला मेडनहेडमध्येही तोच माहीत, त्यामुळे यात सांगण्यासारखं काही असेल हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि मी? मी विचारलंच नव्हतं. त्याने बज्यैंना विचारून सांगितलं, "पूर्वी लाल होता. पण लाल टिळा आणि ती देवीची पूजा मूळची आमची नव्हे, आमच्यावर लादलेली, असं आमच्या लोकांनी ठरवलं आणि सोडून दिलं. देवीचं काही नाही करत. फक्त मोठ्यांचा आशीर्वाद ठेवला."

"कुणी सोडायला लावलं?"

प्रश्न बज्यैंपर्यंत गेला. त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "हामीले," त्या म्हणाल्या. आम्हीच.

बाबांनी टोपी काढली, ट्रेनर्स काढले आणि गुडघ्यावर हात टेकत, हळूहळू, बज्यैंच्या समोरच्या चटईवर बसले. "विचार रे," ते मुलाला म्हणाले, "माझ्यापेक्षा मोठ्या आहेत ना? मग मी आधी."

बज्यैंनी मूठभर दही-तांदूळ त्यांच्या कपाळावर दाबले आणि बराच वेळ काहीबाही पुटपुटत राहिल्या. दही नाकावरून ओघळलं. बाबांनी पुसलं नाही. मग माझी मुलगी बसली, आणि बज्यैंनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून ठेवला, सोडेचनात. ती उठल्यावर त्यांनी ताट बाबांच्या पुढे सरकवलं. म्हणजे, आता तुम्ही यांचे मोठे.

बाबांनी मुलाला समोर बसवलं. "किती लावायचं असतं?" ते म्हणाले. उत्तराची वाट न बघता त्यांनी ताटातला भलामोठा गोळा उचलून त्याच्या कपाळावर थापला. "घर बघितलं मी. हो आहे माझं." मुलगा आणि मुलगी दोघंही रडायला लागले. अंगणातल्या बाकी कुणाला मराठी कळत नव्हतं, पण तेही रडायला लागले.

मी बाजूला उभी राहून डोळे पुसत होते. बाबांनी मला बोटाने बोलावलं.

"बस. मला तिलौराकोटला धाडून हे इथे गुपचूप उरकणार होतीस ना?"

मी खाली मान घातली.

"पोरीला कुणी आपलं म्हणताना मी तिथे नसतो, तर माझ्या 'हो'ला काय अर्थ होता गं?" ते म्हणाले. त्यांचा आवाज फुटला होता. मग त्यांनी माझी हनुवटी वर केली आणि ते गार, ओलं दही माझ्या कपाळावर हलक्या हाताने, नीट लावलं.