चहा जारच्या पाण्याचा

पाण्याचा निळा जार दिसला की महापालिकेतली ती पत्रकार परिषद आठवते आणि अजून डोकं तापतं. आमच्या गल्लीत तेव्हा नळाला गढूळ पाणी येत होतं. शेजारच्या, मूळच्या गारगोटीच्या काकूंनी ते बाटलीत भरून माझ्या हातात दिलं, "पेपरात हायस न्हवं, त्या सायबास्नीच पाज की." पत्रकारांसाठी मांडलेल्या भडंगातल्या लसणाचा वास भरलेल्या हॉलमध्ये मी ती बाटली आयुक्त साहेबांसमोर ठेवली. फोटोत येऊ नये म्हणून जनसंपर्क अधिकाऱ्यानं ती हसतहसत टेबलाखाली सारली. साहेब म्हणाले, "पाणी शुद्धच आहे. आधी चहा घ्या." मी कपाला हात लावला नाही, तेव्हा तो अधिकारी कानाशी येऊन म्हणाला, "घ्या की बिनघोर, चहा जारच्या पाण्याचा हाय." बातमीत मी हेच वाक्य पहिलं लिहिलं. सकाळी पेपरात साहेबांचा हसरा फोटो होता, वर 'शहराचे पाणी शुद्धच' असा मथळा, आणि ते वाक्य गायब. संपादक म्हणाले, "उद्या परत त्यांच्याच दारात बातमीला जायचंय."  परवा काकूंकडं गेलो तर तांब्या पुढं करून म्हणाल्या, "पी, जारचं हाय."