साहेबरावांचं छापून आलेलं वाक्य

साहेबराव उगिले आमच्या चाकणजवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात तासिका तत्त्वावर मापनशास्त्र शिकवायचे; म्हणजे तास असतील तोवर नोकरी. कासारवाडीहून अकरा वर्षं येत होते. मी त्याच विभागात, पण कायम. माझं पोट सुरक्षित होतं, हे आधीच कबूल करतो.

पहिल्या तासाला ते एकच बोल्ट वर्गभर फिरवत. प्रत्येकाने कॅलिपर लावून मोजायचा. जितकी पोरं तितकी मापं निघत. मग ते एकेकाचा हात धरून सांगत, "आवळू नको रे. नुसतं टेकव."

गेल्या वर्षी संस्थेने जगाला फुकट शिकवणारा ऑनलाइन कोर्स काढला. साहेबरावांनी हौसेने सगळे तास रेकॉर्ड करून दिले. त्यातला बोल्टचा तास तेवढा संस्थेने कापला. पडद्यावर नुसती शांतता दिसते म्हणे. तेव्हा त्यांना धास्ती बसली. उद्या व्हिडिओच शिकवणार, तर आपल्याला कोण ठेवणार? त्यांचे तास जाऊ नयेत म्हणून आम्ही प्राध्यापकांनी निवेदन लिहिलं आणि बोलायला त्यांनाच पुढे केलं. दुसऱ्याला पुढे करण्यात आम्ही शूर.

पेपरचा बातमीदार आला. साहेबराव लातूरकडचे, भिडस्त. आधी चार चांगले शब्द, मग तक्रार, ही त्यांची रीत. "उपक्रम लई चांगलाय, गरिबाच्या लेकरांचं भलं होईल," असं म्हणून पुढे अर्धा तास ते पोटतिडकीने बोलले. दुसऱ्या दिवशी पेपरात संचालकांचा हसरा फोटो, कोर्सचं तोंडभर कौतुक आणि खाली साहेबरावांचं ते पहिलं वाक्य. बाकी सगळं गायब.

संचालकांनी बैठकीत तोच पेपर फडकावला. "तुमचेच साहेबराव काय म्हणतात बघा!" आम्ही चहा पिऊन उठलो. निवेदन माझ्या ड्रॉवरमध्येच राहिलं. लाज वाटते.

जूनमध्ये त्यांचे तास गेले. मेहेरबानी म्हणून हजेरी घ्यायचं आणि प्रोजेक्टर लावायचं काम मिळालं. व्हिडिओ थांबवायचा नाही, मध्ये शिकवायचं नाही, अशी ताकीद.

परवा मी दारातून पाहिलं. पडद्यावरचे साहेबराव शिकवत होते, खरे भिंतीशी उभे होते. दिव्या नावाची विद्यार्थिनी कॅलिपर घेऊन त्यांच्याकडे आली.

"सर, माप दर वेळी वेगळं येतंय. किती आवळायचं?"

त्यांचा हात पुढे झाला. तेवढ्यात त्यांना दारात मी दिसलो, आणि त्यांनी हात मागे घेतला. मला घाबरून!

"बस जागेवर," ते म्हणाले. "पुढं व्हिडिओत येईल."

येणार नव्हतं. ते कापलेलं होतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी माझ्या तासाला गेलो.