दवण्याची चिनी बहीण

जळत्या पानांचा तो कडवट, किंचित गोडसर धूर नाकात शिरला की मला आधी ताईचा उजवा पाय आठवतो, आणि मग स्वतःची लाज वाटते. ही वनस्पती म्हणजे आपल्या दवण्याची रानटी चिनी बहीण. पानांच्या पाठीवर राखी लव. तिकडे पाचव्या चांद्रमासात तिच्या जुड्या दाराच्या चौकटीला बांधतात, रोगराई बाहेरच राहावी म्हणून. पन्नाशीच्या वयालाही त्यांच्या जुन्या भाषेत तिचंच नाव आहे; केसांवर तीच राखाडी छटा चढते ना! किती हळुवार भाषा! ताईला हे सांगितलं तेव्हा ती बावन्नची होती. "म्हणजे माझा पाला झाला म्हण की!" म्हणून ती खळखळून हसली.

ताई जोगेश्वरीला एकटीच राहायची. मधुमेहानं तिच्या तळपायांना मुंग्या येत. मुलुंडला चिनी उपचार करणाऱ्या एक बाई या वाळक्या पानांची कागदात वळलेली जाड कांडी पेटवून तिच्या पायांना दुरून शेक देत. कांडीशेजारी, ताईच्या कातडीवर, त्यांची स्वतःची दोन बोटं कायम टेकलेली असत. एकदोनदा सोबत गेले तेव्हा ते बघून मला वाटलं, काय ही माया! पुढे मुलुंड गाठणं ताईच्या जिवावर येऊ लागलं, तेव्हा मी अतिशहाणीनं कुणालाही न विचारता कांड्या मागवल्या.

एरवी सणासुदीलाच उगवणारी मी आता रोज ऑफिसातून परस्पर तिच्याकडे जाऊ लागले. तिचा पाय मांडीवर घ्यायचा, कांडी धरायची आणि दिवसभराची गाऱ्हाणी ओतायची. "भाजलं तर सांग गं," एवढं म्हटलं की माझं कर्तव्य संपलं! एका संध्याकाळी बोलण्याच्या भरात कांडी फार जवळ गेली. अंगठ्याखाली टपोरा फोड आला, चिघळला, काळा पडला. महिन्याभरात अंगठा आणि शेजारची दोन बोटं कापावी लागली.

मग मी मुलुंडच्या बाईंना फोन केला. ज्या पायाला चटका कळत नाही, त्याचा चटका शेकणारीनं आपल्या बोटांनी ओळखायचा असतो, त्या म्हणाल्या. इतकी साधी गोष्ट! आधी विचारलं असतं तर माझं काय बिघडलं असतं?

इस्पितळात मी ताईजवळ बसून ढसाढसा रडले. "तुला काहीच कसं जाणवलं नाही गं?"

"पहिल्या दिवसापासूनच नव्हतं जाणवत," ताई म्हणाली. "पण तसं सांगितलं असतं, तर तू यायची बंद झाली असतीस."