सरवा वेचणारी

आमोणे गावात भातकापणी झाली की आमच्या अंगणापुढच्या शेतात एक म्हातारी सरवा, म्हणजे मागे राहिलेल्या लोंब्या, वेचायला यायची. टोपली भरली की बांधावर थांबायची, शेतमालकाच्या घराकडे तोंड करून हात जोडायची आणि मगच निघायची.

एकदा मी अंगणात कम्प्युटर घेऊन बसले होते, तेव्हा तिनं विचारलं, "बाय, दिसभर त्या कम्प्युटरात काय बघतंस?"

"दुसऱ्यांनी प्रयोग करून आकडे सगळ्यांसाठी खुले ठेवलेत. पेशीत कुठलं प्रथिन किती असतं, ते मी त्यांतून शोधते."

"म्हणजे तूंय सरवोच येचतंस. मगे हात खंय जोडतंस?"

त्या आकड्यांवर मी लिहीत असलेल्या लेखात प्रयोग करणाऱ्यांचा उल्लेखच नव्हता. मी तिथेच बसून एकेक नाव लिहिलं. मान वर केली, तेव्हा ती बांधावर हात जोडून उभी होती.

तिचं नाव मात्र मी कधीच विचारलं नाही.