बावीस किलोमीटरची सीट

वन्संच्या कमरेला अकरा चाव्यांचा जुडगा असतो. कालव्याकडेच्या खडीच्या वाटेने रोज बावीस किलोमीटर सायकल हाणायची आणि वाटेतले अकरा दरवाजे उघडून शेतांना पाणी सोडायचं, हे काम त्या एकोणीस वर्षं करताहेत. माझ्या नवऱ्याच्या या थोरल्या बहिणीची घरातली चाहूलसुद्धा चाव्यांनीच लागते.

दोन महिन्यांपासून मात्र दहा किलोमीटर झाले की मांड्यांना मुंग्या यायच्या, मग पाय बधिर. त्या उतरून सायकल ढकलत जायच्या. शेवटचे दरवाजे उशिरा उघडले, तक्रारी गेल्या. कालव्याच्या ऑफिसातल्या साहेबांनी सांगितलं, "गुरुवारी मी सायकलने सोबत येतो. बारापर्यंत अकरावा दरवाजा उघडला तर ठीक, नाही तर चाव्या जमा करा आणि ऑफिसात बसा."

साहेबांचं हे बोलणं त्यांनी घरात सांगितलं नव्हतं. मंगळवारी चहा उभ्यानेच प्यायल्या, तेव्हा मी विचारलं.

"बसा की, वन्सं."

"दिवसभर बसूनच तर आले."

मग सगळं बाहेर आलं. खरं तर सायकलला त्यांनी आधीच जाड स्पंजची रुंद सीट लावली होती, आणि तिच्यावर मी कापूस भरून कव्हर शिवलं होतं. नवरा म्हणाला होता, "सोफा झाला. आता पुढे टीपॉय लाव." पण दुखणं वाढतच गेलं.



बुधवारी मी कव्हर धुवायला काढलं. दोन बाजूंना खोल खड्डे आणि मधला कापूस वर फुगलेला. सगळा भार नको तिथे पडत होता. वन्संना घेऊन तडक सायकलच्या मिस्त्रीकडे गेले.

मिस्त्रींनी खोक्याचा नालीदार पुठ्ठा स्टुलावर ठेवला. "ताई, यावर बसा. पुढे वाका."

वन्सं उठल्या तेव्हा पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटले होते. मिस्त्रींनी अंतर मोजलं. "ही तुमची बसायची हाडं. भार यांच्यावर हवा. मऊ सीटमध्ये ती बुडतात आणि मधल्या शिरा दबतात. खडीवर तर प्रत्येक दणक्याला." मापाची, मध्ये खाच असलेली एक कडक सीट त्यांनी काढली.

वन्संनी ती बोटाने दाबली. "दगडावर बसवता होय? तेही उद्याच्या दिवशी?"

"दोन दिवस हाडं कुरकुरतील. पाय मात्र झोपायचे नाहीत."

गुरुवारी पहाटे पाहते तर नव्या सीटवर माझंच कव्हर, नाडीला पक्की गाठ.

"काढा ते."

"तूच शिवलंस ना?"

"म्हणूनच सांगते."

त्यांनी गाठ ओढून पाहिली. मग सुरी मागितली आणि नाडी कापली.

साडेअकरापासून मी अकराव्या दरवाज्यापाशी उभी. वाट रिकामी. पावणेबारा झाले, तरी रिकामी. त्या कुठे तरी सायकल ढकलत असतील, आणि दोष माझा, असंच मनात येत होतं. बाराला दहा कमी असताना वळणावर धूळ दिसली. एकच सायकल. वन्सं बसलेल्या होत्या.

त्या उतरल्या. मी पायांकडेच बघत होते. पाऊल खडीवर टेकलं, लटपटलं नाही. कुलूप उघडलं, दरवाज्याचं चाक फिरवलं, पाणी चरात धावलं.

"दुखतंय?"

"हाडं ठणकताहेत. पण पाय माझे आहेत."

साहेब दहा मिनिटांनी आले, सायकल ढकलत. सीट चांगली मऊ, रुंद, आमच्या सोफ्याची धाकटी बहीण. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, वन्संच्या वहीवर सही केली.

मी डबा उघडला. "बसा की, साहेब."

"नको, उभाच बरा आहे."

वन्संनी जुडगा कमरेला लावला. "साहेब, आमच्या मिस्त्रींचा पत्ता देऊ का?"