इस्तारी हवालदाराचा शब्द

चांद्याच्या पोलीस लाइनीत हत्यारांच्या कोठीची किल्ली इस्तारी हवालदाराच्या कमरेला असे. माणूस वैनगंगेवर मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरचा. लढाईत ब्रह्मदेशात बंदुका दुरुस्त करायला शिकला आणि परतल्यावर तेच काम पोटाला पुरलं. बोलणं मोजकं, हसणं त्याहून मोजकं. त्यानं हत्यार तपासून ‘खाली’ म्हटलं, की ते रिकामं. मग साहेबही पुन्हा पाहत नसत. शिपाई लालसूला तर तो शब्द म्हणजे देवाचा कौलच. लालसू माडिया, लढाईपासूनचा सोबती; दोघं एका ताटात जेवलेले.

छप्पन साली खंडेनवमीच्या शस्त्रपूजेआधी नवं पिस्तूल आलं. साहेब म्हणाले, "हवालदार, लढाईतली जुनी रिव्हॉल्वरं ठेवायची की मोडीत काढायची, ते चालवून सांगा."

पूजेच्या सकाळी चांदमारीवर इस्तारीनं दोन्ही चालवली. जुनं म्हणजे म्हातारा बैल. जड, हट्टी, दर बाराला मनगट झटकणारं. सहा बार झाले की पोट उघडायचं आणि काडतुसं भुईवर सांडायची. नवं हलकं, गोळ्यांची पेटी मुठीतच, आणि एक बार झाला की पुढची गोळी आपणहून नळीत. इस्तारी चक्क हसला.

"म्हातारपनी भाळला गा हवालदार!" लालसू ओरडला.

पेटी संपायच्या आतच पूजेची वेळ झाली म्हणून साहेबांनी थांबवलं. इस्तारीनं जुन्याचं पोट उघडून बोट फिरवलं. नव्याची पेटी काढून खिशात टाकली. दोन्ही सतरंजीवर ठेवून म्हणाला, "खाली."

पेटी काढली तरी नव्याच्या नळीत एक गोळी उरते, हे त्याला ठाऊक होतं. साहेबांनीच सांगितलं होतं. पण इतक्या वर्षांचा जुन्याला सरावलेला हात. तो आपल्या वाटेनं गेला.

दर हत्याराला कुंकू लावून झेंडूचं फूल बांधायचं काम लालसूचं. त्यानं पिस्तूल मांडीवर घेतलं, चापाच्या कडीतून दोरा ओवला आणि गाठ आवळली. नळीचं तोंड त्याच्या छातीकडे होतं. दोरा चापावर आवळला. बार झाला.

चौकशीत अपघात ठरला. इस्तारी जबाब देत राहिला, जेवत राहिला, किल्ली सांभाळत राहिला. त्याची बायको मनकर्णा रडली, तो नाही. आपल्याला काहीच कसं वाटत नाही, याचं आधी त्याला भय वाटे. मग तेही वाटेनासं झालं. साहेबांनी चाचरत नव्या पिस्तुलाचं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "नवं चांगलं हाये, साहेब." आणि ते खरंच होतं.

दिवाळीनंतर लालसूची बायको गोकुळा त्याचे कपडे न्यायला आली.

"भाऊ, लोक म्हनतेत तो दारू पेला होता. दुसऱ्यानं बंदूक देल्ली तं तो सोता पाहूनच हात लावे. त्या दिवशी काऊन नाई पाह्यलं?"

"मी खाली म्हटलं होतं, बाई."

गोकुळाचा चेहरा निवळला. किती दिवसांचं ओझं उतरलं असावं.

"तुमी म्हटलं होतं? मंग तो कायले पाह्यन!"

तिनं गाठोडं बांधलं, डोळे पुसले आणि जायच्या आधी वाकून इस्तारीच्या पाया पडली. त्याला पाय मागे घेणंही सुचलं नाही.