वाफेतला पाढा
काल वसतिगृहात कुणीतरी गरम पाण्यात निलगिरीचं तेल टाकलं आणि मला कसबा पेठेतली आमची खोली आठवली. दम्यामुळे मी शाळेत जात नव्हते, सातवी शिकलेली आई मला घरीच शिकवायची. चादरीखाली पातेल्यावर वाकून मी वाफ घेताना ती माझ्याकडून पाढे म्हणवून घ्यायची. एका श्वासाला एकच ओळ, मग थांबायचं आणि नवा श्वास घ्यायचा. एकदा मोठे काका आले. माझं हे घरचं शिक्षण त्यांना पटत नव्हतं आणि बाबा त्यांच्या शब्दाबाहेर नसत. काका म्हणाले, "तेराचा म्हण बघू." मी 'तेरा एके तेरा' म्हटलं आणि सवयीनं थांबले. 'तेरा दुणे सव्वीस' म्हणून परत थांबले. "अडतेय! जूनपासून शाळेत घाल हिला," काका बाबांना म्हणाले. आई ओट्यापासून वळली. "भावजी, पाढा ऐकायचाय की बस गाठायचीय?" "अरे वा, सातवी पास मास्तरीणबाई चिडल्या!" काका हसले, आणि बाबाही हसले. माझे कान तापले. दर ओळीला थांबत मी 'तेरा दाहे एकशे तीस'पर्यंत गेले, एकही चूक नाही, पण काका तोवर चपला घालत होते. जूनमध्ये मला शाळेत घातलंच. आता घरातली कॉलेजला गेलेली पहिली मीच. काका पाहुण्यांना सांगतात, "माझ्यामुळे शिकली." आई आत जाते. मी उत्तर द्यायला श्वास घेते, तोवर त्यांचा विषय बदललेला असतो.